गौलीगुड्याचे वहीशास्त्र

हस्तलिखित वही कालबाह्य झाली आहे, हे विधान गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतक्या अधिकारी व्यक्तींनी आणि इतक्या वेळा केले आहे की त्यांच्यापैकी एकाने जरी ते वहीत टिपून ठेवले असते, तरी बाकीच्यांचे श्रम वाचले असते. विधान करणारे बहुधा पडद्याकडे पाहून बोलतात आणि वह्या राहतात त्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून. त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. ती घालून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू असून, त्यासाठी हैदराबादेतील गौलीगुडा आणि त्याचा शेजार हे अभ्यासक्षेत्र निवडले आहे.

ही निवड केवळ लहरीने केलेली नाही. मुसी नदीच्या उत्तर काठालगत वसलेल्या या भागाच्या एका अंगाला बेगम बाजार आहे, जिथे घाऊक व्यापाऱ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमाखर्च सांभाळला. दुसऱ्या अंगाला कोठी आणि इसामिया बाजार आहेत, जिथे १९२२ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय उभे आहे. आणि त्याच कोठीत गुजराती गल्ली आहे, जिथे चार्जर, केबल, मेमरी कार्डे आणि त्यांच्या नकला अशा दाटीने मांडलेल्या असतात की माणसाला आडवे होऊन पुढे सरकावे लागते. पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवर हायटेक सिटी आहे. तिथल्या सायबर टॉवर्सचे उद्घाटन १९९८ मध्ये झाले आणि तेव्हापासून हे शहर जगाची माहिती साठवण्याच्या कामी लागले. सकाळी महात्मा गांधी बस स्थानकाजवळच्या मेट्रोत बसणारा संगणक अभियंता दिवसभर दूरदेशीच्या ग्राहकांची माहिती आभाळात, म्हणजे ज्याला हल्ली क्लाउड म्हणतात तिथे, चढवत असतो. त्याच्या खिशात मात्र आईने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलेली यादी असते आणि घरी परतताना तो त्या यादीतील निम्म्या वस्तू विसरतो, कारण यादी पाहायची असते हेच तो विसरलेला असतो.

या परिसरातील मराठी घरांचा इतिहासही वहीला पोषक आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते आणि तिथून नोकरी, वकिली, शिक्षण अशा निमित्ताने माणसे राजधानीत येत राहिली. सरकारी कारभार उर्दूत, १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे, जुना जमाखर्च मोडीत, म्हणजे देवनागरीचे हात न उचलता पळवलेले रूप जिला म्हणता येईल त्या लिपीत, घरातले बोलणे मराठीत आणि जिन्यातले तेलुगूत, अशा परिस्थितीत एकाच घरातील एका वहीत चार लिप्या सुखाने नांदत. कागदाचीही वाण नव्हती: दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद एके काळी दूरवर नावाजलेला होता, आणि पुढे १९३८ मध्ये याच राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात सिरपूर पेपर मिल्स स्थापन होऊन एका अख्ख्या गावाचे नावच कागजनगर पडले. ही गिरणी २०१४ मध्ये बंद पडली, तेव्हा डिजिटलवाद्यांना आपला सिद्धान्त सिद्ध झाल्यासारखे वाटले असणार. २०१८ मध्ये ती नव्या मालकाच्या हाती पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

आता प्रत्यक्ष वह्यांकडे वळता येईल. या भागातील मराठी घरात सर्वांत जास्त हाताळली जाणारी वही पाककृतींची असते, आणि ती बहुधा वही नसून डायरी असते. एखाद्या बँकेने, विमा कंपनीने किंवा औषधविक्रेत्याने नव्या वर्षाला फुकट दिलेली ही डायरी मूळ उद्देशासाठी, म्हणजे रोजनिशी म्हणून, कोणीही वापरत नाही, कारण ज्या घरातील प्रत्येक गोष्ट शेजाऱ्यांना संध्याकाळपर्यंत कळते, तिथे ती रात्री लिहून काढणे हा कागदाचा अपव्यय ठरतो. साहजिकच २६ जानेवारीच्या पानावर मिरची का सालन, १४ फेब्रुवारीच्या पानावर लिंबाचे तिखट लोणचे आणि १५ ऑगस्टच्या पानावर पुरणपोळी अशी मांडणी आढळते. प्रमाणांच्या बाबतीत ही वही विलक्षण काटेकोर असते: मीठ अंदाजे, गूळ आवडीप्रमाणे, मसाला आपला नेहमीचा आणि शेवटी, पुढील कृती माहीत आहेच. तेलाच्या डागाने पान इतके पारदर्शक झालेले असते की डबल का मीठ्यातली साखर मागच्या पानावरच्या गोंगुऱ्याच्या चटणीत उतरलेली दिसते, आणि नवशिक्या वाचकाने दोन्ही एकदम वाचून तसा पदार्थ केल्याची उदाहरणे प्रत्येक कुटुंबात सांगितली जातात.

या वहीच्या समासातील नोंदी विशेष अभ्यासनीय आहेत. मूळ मजकूर सासूच्या हातचा, निळ्या शाईतला. त्यावर सुनेच्या हातची, बॉलपेनची दुरुस्ती. मध्येच ‘वरच्या अम्मांनी चिंच जास्त सांगितली’ असा परप्रांतीय पाठभेद, आणि कडेला तिसऱ्याच हाताने लिहिलेले ‘या वेळी बिघडले’. प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासात नंतर कोणीतरी घुसडलेल्या मजकुराला प्रक्षेप म्हणतात, आणि तो ओळखून बाजूला काढणे हे संपादकाचे पहिले काम मानतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १२५९ हस्तलिखिते ताडून पाहत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केली. परंतु पुरणपोळीच्या दोनच हस्तलिखितांत, कणीक सैल भिजवावी की घट्ट, या मुद्द्यावर एकमत घडवून आणण्याचे धाडस त्या संस्थेनेही केलेले नाही, आणि यात तिचा शहाणपणाच दिसतो.

अशा वहीत काही शोधता येत नाही, तिची प्रत काढता येत नाही आणि मालकिणीखेरीज कोणाला ती पुरती कळत नाही, हे तिचे दोष म्हणून सांगितले जातात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. वहीचे सारे सामर्थ्य या गैरसोयींतच आहे, कारण ज्या वहीत सर्व काही स्पष्ट लिहिलेले असते तिच्या मालकाची घराला गरज उरत नाही. ‘मसाला नेहमीचा’ या दोन शब्दांवर अनेक आजींनी घरातील आपले स्थान शेवटपर्यंत अबाधित राखले आहे. संगणकाच्या फाइलला हे जमत नाही. ती विचारील त्याला सगळे सांगते, आणि म्हणून तिला कोणी विचारत नाही.

अर्थात वहीवर टीका काही संगणकवाल्यांनीच सुरू केली असे नाही. पाणिनीय शिक्षा नावाच्या, वेदपठणातील उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात वाईट पाठकांचे सहा प्रकार दिले आहेत, आणि त्यांत मान हलवणारा, घाई करणारा यांच्या पंक्तीला लिहिलेले पाहून म्हणणारा बसवला आहे. म्हणजे वही हीच एके काळी आळशी माणसाची नवी सोय होती आणि तिच्यामुळे पोरांची स्मरणशक्ती जाईल अशी तक्रार मोबाइलच्या कित्येक शतके आधी करून झालेली आहे. वेदांचे एक मोठे जाणकार हैदराबादेतच राहून गेले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे सावंतवाडीकडचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी हैदराबादेत चित्रकलेवर चरितार्थ चालवला, आणि केशवराव कोरटकरांसारख्यांनी जवळच जांबागेत नावारूपाला आणलेल्या विवेकवर्धिनी या मराठी शाळेच्या उभारणीतही त्यांचा हात होता. पुढे ते कुंचला बाजूला ठेवून वेदांकडे वळले आणि वेदांवर त्यांनी इतके लिहिले की ते सारे पाठ करायला सांगितले असते, तर पाणिनीय शिक्षेचा आग्रह धरणारेही वहीच्या बाजूने बोलू लागले असते.

सातवळेकरांसारखा चित्रकार शहर सोडून गेला, म्हणून गौलीगुड्यातील रेखाटनाची परंपरा खंडित झाली असे मानण्याचे कारण नाही. इथली खरी रेखाटनवही म्हणजे रांगोळीची वही. तेलुगू शेजारणी तिला मुग्गूंची वही म्हणतात. ती नेहमी चौकटींच्या वहीत, म्हणजे शाळकरी मुलांच्या गणिताच्या वहीत काढली जाते, आणि पुष्कळदा ती मुलाचीच असते. पहिल्या दहा पानांवर त्याचे भागाकार आणि अकराव्या पानापासून आईची कमळे. तिची लेखनपद्धती संगणकशास्त्रज्ञांनी हेवा करावा अशी आहे. पानाच्या कोपऱ्यात ‘१५ ते ८’ एवढेच लिहिलेले असते. याचा अर्थ असा की मधल्या ओळीत पंधरा ठिपके द्यावेत, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत, प्रत्येक ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येईल अशा बेताने आठपर्यंत उतरावे. या तीन शब्दांतून पंधरा ओळी आणि एकशे एकोणसत्तर ठिपके नेमक्या जागी उमटतात. माहिती दाबून लहान करण्याच्या ज्या तंत्रावर हायटेक सिटीत मोठाले पगार दिले जातात, ते इथे संक्रांतीच्या पहाटे, अंगणात पाणी शिंपडल्यावर, एका हातात चहाचा कप धरून वापरले जाते.

या वहीला भाषेची अडचण येत नसल्याने ती मराठी आणि तेलुगू घरांतून मोकळेपणाने फिरते. मोकळेपणाने म्हणजे, देताना ‘अगं, ने की’ असे म्हणायचे आणि परत आली की पाने मोजायची. हल्ली वही मागण्याऐवजी मोबाइलवर पानाचा फोटो काढून नेतात. फोटो नेणाऱ्या सुनेच्या दारातील रांगोळी एका बाजूला कलते, असे वहीवाल्या ज्येष्ठ बायकांचे निरीक्षण आहे, आणि त्याचे कारण त्या असे सांगतात की डाव्या हातात मोबाइल धरून उजव्या हाताने ठिपके देताना पडदा दर अर्ध्या मिनिटाला काळा पडतो, मग तो बोटाने जागा करावा लागतो, आणि बोटाला रांगोळी लागलेली असते. हे निरीक्षण पूर्वग्रहदूषित असू शकेल, पण चुकीचे नाही.

हाताने लिहिण्याच्या श्रमाला जिथे थेट मोल आहे, अशी आणखी एक वही इथे सापडते. गौलीगुड्याचे राम मंदिर शहराला माहीत आहे ते हनुमान जयंतीच्या मिरवणुकीमुळे, जी इथून निघून सिकंदराबादच्या ताडबन हनुमानापर्यंत जाते. परंतु वहीशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची ती रामकोटी. तेलुगू मुलखात रुळलेल्या या प्रथेत रामाचे नाव एक कोटी वेळा लिहायचे असते, आणि त्यासाठी बारीक चौकटी छापलेल्या वह्या विकत मिळतात. मराठीत याला लिखित जप म्हणतात. रोज एक हजार नावे लिहिणाऱ्याला कोटी पुरी व्हायला दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षे आणि साडेचार महिने लागतात. संगणकावर हेच काम करायचे तर नाव एकदा टाइप करून सगळ्याची नक्कल करायची आणि खाली चिकटवायची. असे चोवीस वेळा केले की दर वेळी दुप्पट होत संख्या एक कोटी सदुसष्ट लाखांवर जाते आणि चहा निवायच्या आत सदुसष्ट लाख नावे शिल्लक उरतात. कोणत्याही घरातील अभियंता नातू ही युक्ती आजीला एकदा तरी सांगतोच. आजी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहते, तिचे वर्णन करण्याचे सामर्थ्य शास्त्रीय गद्यात नाही.

पाश्चात्त्य विद्वानांनी याच प्रश्नाचा विचार प्रयोगशाळेत केला आहे. म्युलर आणि ओपेनहायमर या दोन अमेरिकी संशोधकांनी २०१४ मध्ये असे मांडले की व्याख्यानाची टिपणे लॅपटॉपवर घेणारे विद्यार्थी शब्दन्‌शब्द उतरवतात, तर हाताने लिहिणाऱ्यांना वेग पुरत नसल्याने विचार करून निवडावे लागते, आणि म्हणून त्यांना विषय अधिक समजतो. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठाम दिसला नाही. यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. विवेकवर्धिनीच्या आसपासच्या शिकवण्यांत दोन्ही प्रकारचे विद्यार्थी आढळतात, आणि तिसरा, संख्येने सर्वांत मोठा प्रकार परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या वहीचे फोटो मागवून घेणाऱ्यांचा असतो, ज्याचा विचार त्या प्रयोगात झालेला नाही. बिल गेट्स यांनी मात्र आपले मत कृतीने नोंदवून ठेवले आहे: १९९४ मध्ये त्यांनी लिओनार्दो दा विंचीची बहात्तर पानांची एक हस्तलिखित वही तीन कोटी डॉलरांहून अधिक किंमत देऊन विकत घेतली, आणि चार वर्षांनी त्यांच्या मायक्रोसॉफ्टने हैदराबादेत केंद्र उघडून इथल्या मुलांना कळफलकाला बसवले. ती वही आरशात पाहून वाचावी लागेल अशी उलट्या अक्षरांत आहे. ‘मसाला नेहमीचा’ या पद्धतीचे इटलीतील रूप म्हणून तिच्याकडे पाहता येईल.

बेगम बाजारात स्थिती अधिक व्यावहारिक आहे. भारत गोएंका आणि त्यांच्या वडिलांनी १९८६ मध्ये बेंगळुरूत उभे केलेले टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि १ जुलै २०१७ पासून आलेला जीएसटी यांनी मिळून व्यापाऱ्याला संगणकापुढे बसवले, आणि आता खरा हिशेब, निदान सरकारला दाखवायचा तेवढा, तिथेच असतो. दिवाळीचे वहीपूजन मात्र चालू आहे. पाटावर नवी लाल वही, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी लॅपटॉप. त्यालाही हळदकुंकू वाहिले जाते, आणि ते कळांच्या फटीत जाऊन पाडव्यापर्यंत एखादे अक्षर उठेनासे होते. दुकानातल्या तरण्या मुलांनी यावर हसू नये, कारण देशाची रीतही याहून वेगळी नाही: अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ५ जुलै २०१९ रोजी चामडी ब्रीफकेस सोडून अर्थसंकल्प लाल कापडाच्या बहीखात्यात आणला, आणि २०२१ मध्ये कागद गेला, टॅबलेट आला, पण तोही लाल कापडी वेष्टनातच.

नव्या पिढीतही वहीकडे परतणारे आहेत. गॅब्रिएल कँपानारियो या सिएटलमधील चित्रकाराने २००७ मध्ये अर्बन स्केचर्स, म्हणजे आपले शहर जागेवर बसून रेखाटणाऱ्यांची मंडळी, सुरू केली; आता हैदराबादेतही रविवारी सकाळी जाड कागदाच्या वह्या आणि घडीच्या खुर्च्या घेऊन तरुण मंडळी कोठीच्या जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीपुढे तिचे उंच खांब काढायला बसलेली दिसतात. त्यांच्या वहीची किंमत एका शाळकरी मुलाच्या वर्षभराच्या वह्यांएवढी असते, आणि ती महाग असल्यामुळे पहिले पान कोरे ठेवण्याचा रिवाज आहे. चित्र पुरे झाले की त्याचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला जातो, आणि नंतर वही उघडली जात नाही. येथून आबिड्सच्या पदपथावरील रविवारच्या जुन्या पुस्तकबाजारात गेले, तर आदल्या पिढीच्या अशाच वह्या रद्दीच्या भावात पडलेल्या आढळतात, तेव्हा मंडळी हळहळतात आणि त्यांचेही फोटो काढतात.

संगणकाने वही मारली नाही, उलट तिला नवे काम दिले, याचा सर्वांत ठोस पुरावा फुकटच्या डायरीच्या शेवटच्या पानावर मिळतो. वायफायचा पासवर्ड, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, नेट बँकिंगचे गुप्त शब्द आणि ‘पहिल्या शाळेचे नाव’ या प्रश्नाला बँकेला दिलेले उत्तर हे सारे तिथे असते, कारण पासवर्ड बदलत राहा असे सांगणाऱ्या कोणीही तो लक्षात कसा ठेवायचा हे सांगितलेले नाही. निजामाच्या काळात उर्दू माध्यमातून शिकलेल्या पिढीतील जे आजोबा अजून आहेत, ते सुरक्षिततेच्या दृष्टीने हे इंग्रजी शब्द उर्दू लिपीत उतरवून ठेवतात. उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे; मोठे आणि छोटे अक्षर असा भेद त्या लिपीत नाही, आणि बँकेला तोच हवा असतो. नातू आजोबांना विचारतो, आजोबा चष्मा शोधतात, चष्म्यातून पाहून ते ‘नून’ की ‘बे’ यावर थोडा विचार करतात, आणि तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर बँकेचे ॲप चोवीस तासांसाठी कुलूप लावून बसते. मग आजोबा पेनाचे टोपण काढून त्याच पानावर, तारीख आणि वेळ घालून, तशी नोंद करून ठेवतात.